तीनदा सापडलेली शस्त्रक्रिया

#धागा #वैद्यकाचा_इतिहास

१/ सन १८९०. स्थळ कीव्ह, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील विद्यापीठाचे एक मोठे शहर. किरिल सापेझ्को नावाच्या शल्यविशारदाने एका रुग्णाच्या तोंडातील ओलसर अस्तराचा तुकडा काढला आणि तो त्याच रुग्णाच्या मूत्रमार्गात शिवला. आज जगभरातील मूत्ररोगतज्ज्ञ ज्या पद्धतीला प्रमाण मानतात, तिचा हा आरंभ. मात्र तिथपासून इथपर्यंतचा प्रवास सरळ झालेला नाही.

२/ ही शस्त्रक्रिया १८९० मध्ये सापडली आणि हरवली. १९४१ मध्ये लंडनमध्ये ती पुन्हा सापडली आणि पुन्हा हरवली. १९९२ मध्ये तिसऱ्यांदा ती समोर आली, तेव्हा कुठे टिकली. इतकी उपयुक्त गोष्ट शंभर वर्षे हातातून निसटत का राहिली, या प्रश्नाचा शोध या धाग्यात घ्यायचा आहे.

३/ विषय संकोचाचा आहे, हे आधीच सांगतो. पुरुषांचा मूत्रमार्ग अरुंद होणे आणि शस्त्रक्रियेने त्याची पुनर्रचना करणे, याविषयी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. पण हा संकोच स्वतःच या इतिहासातील एक पात्र आहे. त्याची भेट पुढे वारंवार होणार आहे.

४/ प्रथम शरीररचना. पुरुषाचा मूत्रमार्ग मूत्राशयापासून बाहेरच्या टोकापर्यंत साधारण १८ ते २० सेंटीमीटर लांब असतो. त्याच्या बऱ्याच मोठ्या भागाभोवती रक्ताने भरलेले, स्पंजासारखे आवरण असते. आतील अस्तराला इजा झाली की ती जखम भरताना या स्पंजात कठीण, निबर व्रण तयार होतो.

५/ व्रण आकसतो, हा त्याचा स्वभावच. हातापायावर भाजल्याची खूण आवळलेली आपण पाहतो, तसेच इथे होते. फरक इतकाच, की हा व्रण नळीभोवती कड्यासारखा असतो. कडे आकसले की नळीच आवळली जाते. वैद्यकात याला 'स्ट्रिक्चर' म्हणतात.

६/ मग धार बारीक होते. लघवीला वेळ लागतो, कुंथावे लागते आणि एखाद्या रात्री ती पूर्ण तुंबते. मूत्राशयाची भिंत जाड होते, संसर्ग होतो, दाब मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. उपचार न झालेल्या रुग्णांत मूत्र वाट शोधत बैठकीच्या भागातील कातडीला छिद्रे पाडून बाहेर येई. शल्यवैद्यांनी त्या अवस्थेला झारीची उपमा दिली. उपमा अचूक आहे आणि भयंकरही.

७/ कारणे कोणती? प्रतिजैविके येण्यापूर्वी मुख्य कारण होते गोनोरिया, म्हणजे आपल्याकडील जुन्या बोलीतला 'परमा'. दुसरे कारण मार: घोड्यावरून, तुळईवर किंवा कुंपणावर पाय फाकून आदळणे. पण समाजाने पहिलेच कारण लक्षात ठेवले. त्यामुळे घोड्यावरून पडलेल्या माणसालाही आपला आजार सांगताना मान खाली घालावी लागे.

८/ अडलेली वाट मोकळी करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात शल्यवैद्याची जी अवजारे मिळाली, त्यांत काशाच्या मूत्रनळ्याही आहेत. पुरुषांसाठीच्या नळीला दुहेरी बाक दिलेला आहे. करणाऱ्या कारागिराला शरीराच्या आतील वळण ठाऊक होते, हे त्या बाकावरून कळते.

९/ भारतात सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'मूत्राघात' प्रकरण आहे. त्यातील 'मूत्रोत्संग' या विकारात मूत्र अडखळत, थोडे थोडे, कधी वेदनेसह तर कधी वेदनेविना येते, असे वर्णन आहे. चिकित्सास्थानात 'निरुद्धप्रकश' या विकारासाठी लोखंड, लाकूड किंवा लाख यांची दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तूप लावून घालावी आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरावी, असे सांगितले आहे.

१०/ इथे थोडा संयम हवा. निरुद्धप्रकश म्हणजे सामान्यतः पुढची त्वचा घट्ट होणे, असे अभ्यासक मानतात. म्हणून 'आपल्याकडे हे सगळे आधीच होते' असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र क्रमाक्रमाने जाड नळी घालून अरुंद वाट रुंदावण्याचे तत्त्व ग्रंथात स्पष्टपणे आले आहे, आणि पुढे युरोपातही याच तत्त्वावर शतकानुशतके भिस्त राहिली.

११/ युरोपातील या शलाकेला 'बूजी' म्हणत. फ्रेंचमध्ये बूजी म्हणजे मेणबत्ती. हा शब्द आला अल्जीरियातील बूजी, म्हणजे आजच्या बेजाया, बंदरावरून, कारण तिथून उत्तम मेण युरोपात जाई. मेण चोळलेल्या बारीक वाती मूत्रमार्गात सरकवत. शरीराच्या उबेने मेण मऊ होई आणि वाट थोडी मोकळी होई. उत्तर आफ्रिकेतील एका बंदराचे नाव असे शस्त्रक्रियागृहात जाऊन बसले.

१२/ सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे यांच्या काळी समज होता, की नळीत मांसाचे कोंब उगवतात आणि तेच वाट अडवतात. कोंब म्हटले की ते जाळणे आलेच. अठराव्या शतकात लंडनचे जॉन हंटर यांनीही काही रुग्णांत वातीच्या टोकाला दाहक सिल्व्हर नायट्रेट बसवून अडथळा जाळण्याचा उपाय केला.

१३/ यात एक दुष्टचक्र दडलेले होते. जाळले की जखम होणार, जखम भरली की व्रण होणार आणि व्रण आकसणार. म्हणजे उपचारातूनच पुढच्या आजाराची तयारी. रुग्णाला काही आठवडे किंवा महिने सुटल्यासारखे वाटे, आणि मग धार पुन्हा बारीक होई.

१४/ रोगाची समजही गोंधळलेली होती. गोनोरिया आणि सिफिलिस हा एकच रोग आहे, असे खुद्द हंटर मानत. १८३८ मध्ये पॅरिसच्या फिलिप रिकोर यांनी हे दोन स्वतंत्र रोग असल्याचे दाखवले. गोनोरियाचा जंतू सापडला १८७९ मध्ये. तो शोधला जर्मनीच्या आल्बर्ट नायसर यांनी.

१५/ एकोणिसाव्या शतकाने या क्षेत्राला एक मोजपट्टी दिली. पॅरिसमधील उपकरणनिर्माते जोझेफ शारिएर यांनी नळ्यांच्या जाडीची प्रमाणित श्रेणी ठरवली. तिचे एक एकक म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर व्यास. २४ क्रमांकाची नळी म्हणजे ८ मिलिमीटर. आज आपल्या गावातील औषधाच्या दुकानात कॅथेटर मागताना जो 'चौदा नंबर', 'सोळा नंबर' म्हणतात, तो या शारिएर यांचाच.

१६/ मोजता येऊ लागले, तसे कापण्याचे धाडसही वाढले. एडिंबराचे जेम्स साइम यांनी १८४४ मध्ये बाहेरून छेद घेऊन अरुंद भाग चिरण्याची पद्धत अवलंबली. आधी खाच असलेली सळई आत सरकवायची आणि तिच्या आधाराने व्रण कापायचा. ईथरच्या भुलेचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले १८४६ मध्ये. १८४४ चा रुग्ण टेबलावर पूर्ण जागा होता, हे ध्यानात घेऊन ही ओळ पुन्हा वाचावी.

१७/ पुढे पॅरिसमध्ये मेझोनव्ह यांनी आतून कापणारे अवजार आणले. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ओटिस यांनी ताण देऊन कापणारे अवजार तयार केले. अवजारे सुधारत गेली, पण विचार तोच राहिला: असलेली वाट रुंद करा. व्रणाने खराब झालेल्या जागी नवे, निरोगी अस्तर आणावे, हा विचार अजून व्हायचा होता.

१८/ शरीराच्या एका भागाची उणीव दुसऱ्या भागाने भरून काढण्याची कल्पना मात्र जगाला ठाऊक झाली होती, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैल हाकणारा पकडला गेला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळावरील त्वचा खाली वळवून नवे नाक तयार केले.

१९/ ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपात नासिकारोपणाचे नवे पर्व सुरू झाले. पण त्या पत्रात रुग्णाचे नाव आहे, शस्त्रवैद्याचे नाही. त्याची ओळख दिली आहे ती केवळ जातीची: विटा पाडणाऱ्यांपैकी एक. विद्या छापली गेली म्हणून उरली, माणूस मात्र छापला गेला नाही.

२०/ तांत्रिक दृष्ट्या या नाकात आणि सापेझ्को यांच्या प्रयोगात एक मोठा फरक आहे. कपाळाची त्वचा एका देठाने मूळ जागेशी जोडलेली ठेवतात, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा चालू राहतो. सापेझ्को यांनी पूर्ण सुटा तुकडा उचलला. आंब्याच्या कलमाची काडी जशी खुंटावर जगते, तसा हा तुकडा नव्या जागेच्या जोरावर जगावा लागतो.

२१/ सुटे कलम जगू शकते, हे १८६९ मध्ये पॅरिसच्या झाक रेव्हर्दँ यांनी त्वचेच्या बारीक तुकड्यांनी दाखवून दिले होते. सापेझ्को यांनी पुढचे पाऊल टाकले. मूत्रमार्ग ही सतत ओली राहणारी जागा, तेव्हा तिथे कोरड्या त्वचेऐवजी ओले राहण्याची सवय असलेले अस्तर लावावे. १८९० मध्ये चार रुग्णांवर त्यांनी हे करून पाहिले आणि १८९४ मध्ये रशियन नियतकालिकात ते प्रसिद्ध केले.

२२/ आणि मग शांतता. सापेझ्को पुढे ओडेसाला प्राध्यापक झाले. नाभीच्या हर्नियावरील त्यांची शस्त्रक्रिया रशियन भाषक शल्यविशारदांना त्यांच्या नावाने माहीत राहिली. पण मूत्रमार्गातील कलमाचे हे काम रशियन भाषेच्या कुंपणापलीकडे गेले नाही. वैद्यकाचे जग तेव्हा जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचत होते. पुण्याची विद्या लंडनच्या मासिकाने वाचवली. कीव्हच्या विद्येला असे मासिक लाभले नाही.

२३/ दरम्यान दुसऱ्या दिशेने प्रगती होत होती. साइम यांचे जावई म्हणजे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर. लिस्टर यांच्या हाताखाली शिकलेले हॅमिल्टन रसेल पुढे मेलबर्नला गेले. पहिले महायुद्ध सुरू होत असताना त्यांनी एक पद्धत मांडली: व्रण रुंदावण्याऐवजी कापून पूर्ण काढून टाकावा आणि निरोगी टोके जोडावीत.

२४/ आखूड व्रणासाठी हा विचार आजही खरा ठरतो. पण व्रण लांब असेल, तर मधला भाग कापल्यावर टोके एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि ओढून शिवली तर टाके तुटतात. तिथे बाहेरून काहीतरी आणून भर घालावीच लागते. म्हणजे प्रश्न फिरून सापेझ्को यांच्यापाशीच आला, पण तोवर त्यांचे नाव कुणाच्या ओठांवर नव्हते.

२५/ १९४१, युद्धकाळातील लंडन. ग्रॅहम हंबी यांनी जन्मतःच मूत्रमार्ग अपुरा असलेल्या एका मुलावर तोंडातील अस्तराचे कलम वापरले आणि ते प्रसिद्धही केले. इंग्रजी वैद्यकीय साहित्यात या कल्पनेचे पहिले श्रेय दीर्घकाळ त्यांनाच मिळत राहिले. तरीही पद्धत रूढ झाली नाही. नियतीची गंमत अशी, की हंबी यांचे नाव शल्यविशारदांच्या तोंडी राहिले ते त्वचेचे पातळ पापुद्रे काढण्याच्या सुरीमुळे.

२६/ पुढची पन्नास वर्षे त्वचेची होती. १९५३ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट योहान्सन यांनी दोन टप्प्यांची पद्धत मांडली. पहिल्या टप्प्यात अरुंद भाग लांबीने उघडून त्याच्या कडा त्वचेला शिवायच्या. काही महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यात त्वचेची पट्टी आत मिटवून नळी पूर्ण करायची. ज्यांना आधी कोणताच उपाय नव्हता, अशा रुग्णांसाठी हे वरदान होते.

२७/ पण त्वचेचे स्वतःचे प्रश्न होते. तिच्यावर केस असतील तर ते नळीच्या आतही वाढत, त्यांवर क्षार साचून खडे होत. सतत ओली राहिल्याने त्वचा खराब होई. काही रुग्णांत 'लायकेन स्क्लेरोसस' नावाचा त्वचाविकारच मुळात व्रणाचे कारण असतो. त्यांना तिथलीच त्वचा लावणे म्हणजे रोगाला नवे घर देणे.

२८/ १९७० च्या दशकात जर्मनीच्या हान्स साक्से यांनी दुर्बिणीतून पाहत व्रण आतून कापण्याचे उपकरण आणले. मोठा छेद नाही, रुग्णालयातील मुक्काम थोडा, आणि डोळ्यांना दिसते त्यामुळे अंदाजाने कापणे नाही. पद्धत झपाट्याने पसरली. आखूड, पहिल्याच वेळच्या व्रणात ती उपयोगी पडते. पण तत्त्व पुन्हा तेच होते, वाट रुंद करण्याचे; आणि तीच प्रक्रिया वारंवार केली की व्रण अधिक लांब व अधिक कठीण होत जातो.

२९/ इथे आपल्या मूळ प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग सापडतो, असे मला वाटते. उपयुक्त शस्त्रक्रिया विसरली जाण्यासाठी ती वाईट असावी लागत नाही. तिच्या शेजारी एक सोपा, तात्पुरता उपाय असला की पुरते. शलाका घालणे दहा मिनिटांचे काम. आराम त्याच दिवशी मिळतो, आणि व्रण परत येतो तो काही महिन्यांनी, सावकाश. तोपर्यंत अपयशाची नोंद करायला कुणी उभे नसते.

३०/ उत्तराचा दुसरा भाग संकोच. रुग्ण परत आला, तरी गुपचूप आला. तो कुणापाशी तक्रार करत नव्हता, आपल्यासारख्या दुसऱ्याला शोधत नव्हता. ज्या आजारांचे रुग्ण बोलतात, त्यांच्या उपचारांवर समाजाचा दबाव येतो. इथे दबाव होता तो फक्त मूत्राशयात.

३१/ तिसरा भाग ज्ञानाच्या कप्प्यांचा. हंबी यांचे काम मुलांच्या जन्मजात दोषांच्या कप्प्यात गेले; प्रौढांच्या व्रणांचा कप्पा वेगळा. रशियन नियतकालिक तिसऱ्याच कप्प्यात. प्रत्येक कप्प्यात कुणीतरी कष्टाने एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत होते, आणि उत्तर शेजारच्या कप्प्यात होते.

३२/ १९९२ मध्ये जर्मनी आणि इटलीतील दोन गटांनी तोंडातील अस्तराच्या कलमाविषयी स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये ईजिप्तच्या एल-कसाबी आणि सहकाऱ्यांनी ते प्रौढांच्या व्रणांसाठी वापरून दाखवले. या वेळी भाषा इंग्रजी होती, निबंध जगभर वाचल्या जाणाऱ्या एकाच नियतकालिकात होते, आणि कप्प्यांमधल्या भिंतींना दारे पडली होती. कल्पना टिकली.

३३/ तोंडच का? गालाच्या आतील अस्तराचा वरचा थर जाड असतो, म्हणून ते हाताळायला चिवट. खालचा थर पातळ आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी भरलेला, म्हणून नव्या जागी ते लवकर रुजते. पहिले साधारण दोन दिवस हे कलम खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, पुढच्या दोन दिवसांत रक्तवाहिन्या एकमेकींना मिळतात. त्यावर केस नसतात, ओलेपणाची त्याला सवय असते, आणि गालातील जखम लवकर भरते.

३४/ कलम कुठे बसवायचे, हा पुढचा प्रश्न. १९९६ मध्ये इटलीच्या ग्विदो बारबाली यांनी ते नळीच्या वरच्या, पाठीकडच्या अंगाला बसवण्याची पद्धत मांडली. त्या बाजूला घट्ट ऊतींचा आधार असतो. खुंट पक्का असला की कलम हलत नाही, फुगत नाही आणि चांगले रुजते.

३५/ इथून भारताचा भाग सुरू होतो. आग्र्याचे शल्यविशारद हरी असोपा यांनी २००१ मध्ये एक सुटसुटीत मार्ग दाखवला. नळीला मूळ जागेवरून पूर्ण सोडवायचे नाही. खालून उघडायचे आणि उघडलेल्या नळीच्या आतूनच वरच्या भिंतीत छेद घेऊन कलम तिथे बसवायचे. नळी कमी हलली, की तिचा रक्तपुरवठा अधिक टिकतो. 'असोपा पद्धत' हे नाव आज परदेशी पाठ्यपुस्तकांतही दिसते.

३६/ आणि पुन्हा पुणे. डॉ. संजय कुलकर्णी यांनी बारबाली यांच्यासह २००९ मध्ये एका बाजूने सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नळी एकाच अंगाने मोकळी करायची. दुसऱ्या अंगाच्या रक्तवाहिन्या आणि चेता यांना हात लावायचा नाही. संपूर्ण लांबीचा व्रण असला, तरी बैठकीच्या भागातील एकाच छेदातून काम होते, आणि दोन्ही गालांतील कलमे लावून एकाच टप्प्यात नळी पूर्ण करता येते. ही पद्धत जगभर 'कुलकर्णी' या नावाने ओळखली जाते.

३७/ दोनशे वर्षांपूर्वी याच परिसरातल्या एका शस्त्रवैद्याची नोंद जातीपुरती झाली होती; २००९ च्या कामाला नाव आहे. या दोन घटनांमध्ये थेट परंपरेचा धागा आहे, असा माझा दावा नाही. पण कुणाचे नाव नोंदले जाते आणि कुणाचे नाही, हे कर्तृत्वाइतकेच छापखाना, भाषा आणि सामाजिक स्थान यांवर ठरते, हे या दोन टोकांवरून दिसते.

३८/ आपल्या समाजाने या शस्त्रक्रियेपुढे एक वेगळाच अडथळा ठेवला आहे: गुटखा आणि तंबाखू. सुपारी व गुटखा चघळणाऱ्यांच्या गालाचे अस्तर निबर होते, तोंड पूर्ण उघडत नाही. मूत्रमार्गासाठी ज्या गालाकडे पाहायचे, त्या गालातच व्रण. अशा वेळी जिभेच्या खालच्या अंगाचे अस्तर वापरतात. २००६ मध्ये इटलीतील शल्यविशारदांनी हा पर्याय मांडला आणि भारतातही तो वापरला जातो.

३९/ आजाराची कारणेही आता बदलली आहेत. प्रतिजैविकांमुळे गोनोरियाचा वाटा घटला. रस्ते अपघातात ओटीपोटाची हाडे मोडून नळी तुटणे, चुकीच्या पद्धतीने घातलेला कॅथेटर, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील इजा, लायकेन स्क्लेरोसस, ही आजची कारणे. संकोच मात्र जुन्या कारणाचाच चिकटून राहिला आहे. कारण गेले, लाज उरली.

४०/ अलीकडच्या काळात सापेझ्को यांचे मूळ रशियन लेखन इंग्रजी वाचकांसमोर आले आणि पहिले श्रेय त्यांना दिले जाऊ लागले. त्यासाठी रशियन वाचू शकणारे आणि जुने अंक उघडून बसणारे मूत्ररोगतज्ज्ञ लागले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात समाधान आहे, आणि अस्वस्थताही. हे अंक शंभर वर्षांपूर्वी वाचले गेले असते, तर मधल्या काळातील किती जणांच्या वाट्याला ती सळई पुन्हा पुन्हा आली नसती?

४१/ आपण इतिहासात 'पहिला कोण' हे विचारतो. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत: 'मग ते टिकले का नाही?' आणि 'विसरले गेले, त्याची किंमत कुणी मोजली?' या कथेत ती किंमत मोजणारे दवाखान्याच्या बाकावर मान खाली घालून बसलेले होते.

४२/ शेवटची ओळ इतिहासाची नाही. धार बारीक झाली असेल, लघवीला कुंथावे लागत असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना दर काही महिन्यांनी 'वाट मोकळी करून' घ्यावी लागत असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञांना भेटा आणि कायमच्या उपायाविषयी नि:संकोच विचारा. तो उपाय १८९० पासून अस्तित्वात आहे.

धागा समाप्त. वैद्यकाच्या इतिहासातील अशीच एखादी हरवून सापडलेली गोष्ट आपल्याला ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहावी.